नांगर टाकून वळणं

प्रशांतच्या वरच्या ओळीतला एक दात अर्धा आहे. उरलेला अर्धा अंबाझरी तलावाच्या तळाशी आहे, आणि तो तिथे माझ्यामुळे गेला.

गोष्ट १९९३ च्या जूनमधली. आम्ही दोघं कॉलेजात होतो आणि एनसीसीच्या नौदल शाखेत होतो. नागपुरात नौदल म्हटलं की बाहेरगावचे लोक हसतात. हसू द्या. मुंबई इथून रेल्वेनं ८३७ किलोमीटर. आमच्या तुकडीतल्या निम्म्या पोरांनी तोवर समुद्र पाहिलेला नव्हता. पांढराशुभ्र गणवेश मात्र प्रत्येकाकडे होता, आणि तो घालून सायकलवर लॉ कॉलेज चौकातून निघालं की "कोणाच्या वरातीत वाजवायचं आहे बे?" असं विचारणारा एक तरी भेटायचाच.

तलावावर एंटरप्राइज वर्गाच्या बोटी होत्या. जेमतेम चार मीटर लांब, दोन माणसांच्या, फिकट निळ्या शिडाच्या. पुढे लहान शीड, मागे मोठं. मोठ्या शिडाची खालची कड एका आडव्या दांड्याला बांधलेली असते, त्याला बूम म्हणायचं. हा दांडा नीट लक्षात ठेवा. पूर्ण गोष्टीत खलनायक तोच आहे. मागे बसणाऱ्याच्या एका हातात सुकाणूचा दांडा आणि दुसऱ्या हातात मोठ्या शिडाची दोरी. पुढचा लहान शीड सांभाळतो, बोट कलली की अंग बाहेर झोकून तोल धरतो, आणि मागच्याचं ऐकतो.

वळायची वेळ आली की मागच्यानं ओरडायचं, "रेडी अबाउट!" पुढच्यानं आजूबाजूला पाहायचं, दोरी मोकळी करायच्या बेतात धरायची आणि मग म्हणायचं, "रेडी!" त्यानंतरच मागच्यानं "ली-ओ!" म्हणत सुकाणूचा दांडा शिडाच्या बाजूला ढकलायचा. दोघांनी मुंडी खाली घालायची, बूम डोक्यावरून पलीकडे जाऊ द्यायचा आणि उडी मारून बाजू बदलायची. आम्हाला शिकवायला नौदलातून निवृत्त झालेले एक उस्ताद होते. त्यांना मराठी येत नव्हतं आणि आम्हाला बोट येत नव्हती. त्यांचं सगळं शिकवणं एका वाक्यात मावत होतं: "पहले पूछो, फिर घुमाओ." उत्तर आलं नाही तर घुमवायचं नाही. समोर काठ आला तरी पुन्हा विचारायचं.

त्या दिवशी मी विचारलं नाही.

वारा पश्चिमेकडून येत होता, आम्ही वाऱ्याला पाठ देऊन मजेत परत येत होतो. वारा मागून असला की बोटीत फार शांत वाटतं. बोट वाऱ्याबरोबरच चाललेली असते, त्यामुळे वारा फारसा जाणवत नाही. प्रशांत खाली वाकून बुटाची नाडी बांधत होता. मला काठावरच्या पोरांसमोर ऐटीत वळून दाखवायचं होतं, म्हणून सुकाणू थोडं फिरवलं. वारा शिडाच्या मागच्या कडेतून आत शिरला, आणि एका बाजूला पूर्ण सोडलेला तो बूम दुसऱ्या बाजूला असा आला, जसं वादळात घराचं दार येतं. प्रशांतनं त्याच क्षणी नाडी बांधून मान वर केली.

बोट उलटली, आम्ही पाण्यात. काठावर आल्यावर उस्तादांनी प्रशांतचं तोंड उघडून पाहिलं, रुमाल दिला, आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "पूछा था?"

आपल्याकडे एक म्हण आहे, वारा येईल तशी पाठ द्यावी. शहाणपणाची मानतात लोक. मला तेव्हापासून वाटतं, ही म्हण करणारा माणूस कधी बूमखाली बसला नसावा. शिडाच्या बोटीला वाऱ्याकडे पाठ करून वळणं हेच जास्त धोक्याचं. वाऱ्याकडे तोंड करून वळलात तर शीड मध्येच रिकामं होतं, नुसतं फडफडतं, आणि बूम आळसावल्यासारखा पलीकडे जातो. त्यात चुकलात तर फार तर बोट अडकते. पाठ करून वळताना मात्र शीड भरलेलंच असतं, आणि ते भरल्या अवस्थेत एका बाजूचं दुसऱ्या बाजूला जातं. पहिल्या वळणाला टॅक म्हणतात, दुसऱ्याला जाइब. मराठीत दोन्हीला आपण वळणंच म्हणतो. माझ्यासारख्याला याचं वाईट वाटतं, कारण दातांचा फरक आहे हा.

हे सगळं लागतं कशाला, तर शिडाची कोणतीही बोट वाऱ्याच्या उरावर सरळ जाऊ शकत नाही. आमची एंटरप्राइज वाऱ्याच्या दिशेपासून साधारण ४५ अंश बाजूला धरली की चालायची. त्याहून आत नेली की शीड फडफडायचं आणि बोट पाण्यात उभी राहायची. म्हणजे वारा येतो त्या बाजूच्या काठावर पोचायचं तर आधी तिरकं एका बाजूला, मग वळून तिरकं दुसऱ्या बाजूला, असं शिवणीच्या टाक्यासारखं जायचं. भूगोलाच्या पुस्तकात वातसन्मुख आणि वातविन्मुख असे दोन शब्द होते, पावसाच्या धड्यात. मी ते बोटीवर वापरून पाहिले. "वातसन्मुख वळतो आहे" एवढं म्हणेस्तोवर काठ येतो.

जुन्या मोठ्या जहाजांचं दुखणं याहून भारी होतं. ज्यांची शिडं आडव्या परबाणांवर (परबाण म्हणजे शीड टांगायचा वासा) चौकोनी टांगलेली, ती जहाजं वाऱ्याच्या फार जवळ जाऊ शकत नसत. होकायंत्राच्या चकतीचे खलाशी ३२ भाग करत, एक भाग सव्वाअकरा अंशांचा. त्यातले सहा भाग सोडून, म्हणजे वाऱ्यापासून साडेसदुसष्ट अंशांवर, हे जहाज कसंबसं चाले. मी एकदा वहीत हिशेब मांडला. वारा येतो त्या दिशेनं एक मैल सरकायला त्याला अडीच मैलांहून जास्त पाणी कापावं लागतं, तेही लाटांनी बाजूला ढकललं नाही असं धरून. सीताबर्डीहून धरमपेठेत जायला वाडीवरून यावं तसं.

आणि हे तिरकं चालणं परवडलं, पण वळणं! वाऱ्याकडे तोंड करून वळायचं तर नाळ १३५ अंश फिरवायची, पाठ करून वळायचं तर २२५ अंश. (नाळ म्हणजे गलबताचं पुढचं टोक. आमच्याकडे नाळ म्हटलं की बाळंतपण तरी आठवतं, नाही तर बैलाच्या खुरांना ठोकायचा नाल.) पाठ करून वळणं त्या मोठ्या जहाजांत सोपं होतं, आमच्या बोटीच्या बरोब्बर उलट. माणसं कमी लागत, डोलकाठी मोडायची भीती कमी. पण एवढा मोठा वळसा घालेपर्यंत मगाचपासून कमावलेलं बरंचसं अंतर वाऱ्याला परत देऊन बसायचं.

तोंड करून वळण्यात जी करामत होती ती वाचताना मला अजून गंमत वाटते. सुकाणू फिरवल्यावर नाळ वाऱ्याकडे येऊ लागते. मध्ये एक क्षण असा येतो की जहाजाचा वेग संपत आलेला असतो आणि नाळ नेमकी वाऱ्याच्या तोंडात असते. तिथून पलीकडे ढकलणार कोण? तर पुढच्या डोलकाठीची शिडं मुद्दाम तशीच ठेवत. वारा त्यांच्यात उलटा शिरे, शिडं मागे डोलकाठीवर चिकटून बसत आणि अडवणारा वाराच नाळेला पलीकडे रेटून देई. नेमक्या त्या क्षणी "मेनसेल हॉल!" अशी आरोळी आणि मागच्या डोलकाठ्यांची सगळी परबाणं दोर ओढून फिरवायची. नाळ पुरती पार झाली की "लेट गो अँड हॉल!" आणि मग पुढची परबाणं. दोर ओढणारी माणसं डेकभर पसरलेली, अर्ध्यांना अर्धे दिसत नाहीत, वाऱ्यात एकमेकांचा आवाज पोचत नाही. म्हणून हुकूम ठरलेले, त्यांचा क्रम ठरलेला, आणि सगळ्यात आधी तोच प्रश्न: वळायला तयार?

नाळ मध्येच थांबली आणि पलीकडे गेली नाही, तर जहाज वाऱ्याच्या तोंडात लटकून मागे मागे जाऊ लागे. इंग्रज खलाशी याला बेड्या पडल्या म्हणत. आम्ही अंबाझरीवर या बेड्यांत तासन् तास काढले आहेत. शीड फडफडतं आहे, सुकाणू मेलेलं आहे, बांधावरून भुट्टे खाणारी मंडळी सल्ले देत आहेत. उपाय साधा असतो. लहान शीड हातानं उलट्या बाजूला धरून ठेवायचं आणि बोट मागे सरकू लागली की सुकाणू उलटं फिरवायचं. हे सुचेपर्यंत भुट्टा संपलेला असे.

उजव्या-डाव्याचा घोळ मला मुळातला. आजीनं यावर तोडगा काढला होता, "जेवता हात". रिक्षावाल्यालाही ती तसंच सांगायची, "जेवत्या हाताले घे बाबा." रिक्षावाले बरोबर वळत. बोटीवर गेलो तर तिथे स्टारबोर्ड आणि पोर्ट. मी तळहातावर पेननं लिहून ठेवायचो, पाण्यानं पुसून जायचं. त्यात सुकाणूचा दांडा डावीकडे ढकलला की बोट उजवीकडे वळते, हा आणखी एक फटका.

पुढे वाचत गेलो तसा हा घोळ माझ्या एकट्याचा नाही हे कळून फार बरं वाटलं. पूर्वी युरोपातल्या जहाजांना सुकाणू मागे मध्यावर नसे, उजव्या अंगाला एक मोठं वल्हं लावलेलं असे. ती सुकाणूची बाजू म्हणून स्टारबोर्ड. डावी ती लारबोर्ड. आता वादळात कोणी स्टारबोर्ड ओरडलं की लारबोर्ड, हे कळायचं कसं? शेकडो वर्षं तसंच चाललं, मग १८४४ मध्ये ब्रिटिश आरमारानं लारबोर्ड मोडीत काढून पोर्ट शब्द पक्का केला. दोन विरुद्ध दिशांना एकाच यमकाचे शब्द देणाऱ्यांच्या अकलेला काय म्हणावं!

दुसरा घोळ याहून मोठा. हुकूम द्यायचा तो जहाजाच्या दिशेचा की दांड्याच्या? जुनी रीत दांड्याची होती. "स्टारबोर्ड" म्हटलं की दांडा उजवीकडे, म्हणजे जहाज डावीकडे. दांडा जाऊन चक्र आलं, जहाजं लोखंडाची झाली, वाफेवर चालू लागली, तरी हुकूम दांड्याचाच राहिला. १४ एप्रिल १९१२ च्या रात्री टायटॅनिकवर समोर हिमनग दिसल्यावर अधिकारी मर्डोक यानं "हार्ड अ स्टारबोर्ड" म्हटलं आणि जहाज डावीकडे वळलं. ही चूक नव्हती. तेव्हाच्या रिवाजानं तेच बरोबर होतं, चक्र धरणाऱ्यालाही ते नीट समजलं होतं. लोक आज ऐकतात आणि म्हणतात, बघा, उलटं फिरवलं. ब्रिटिश जहाजांवर ही जुनी रीत बदलली ती १९३३ मध्ये. त्या दिवशी किती जुन्या सुकाणूवाल्यांच्या हातांना घाम फुटला असेल!

आपल्या समुद्रावर मात्र माझ्या आजीचाच कायदा चालत होता, हे मला बऱ्याच उशिरा कळलं. इंग्रजांच्या जहाजांवर काम करणाऱ्या हिंदी खलाशांची एक खिचडी बोली होती. पोर्तुगीज, फारसी, हिंदुस्तानी, गुजराती, मराठी, सगळ्यांचा त्यात हात. १८११ साली कलकत्त्यात तिचा एक शब्दकोश छापला गेला, कारण साहेबाला हुकूम द्यायचा तर या बोलीतच द्यावा लागे. सारंग (खलाशांचा मुकादम) आणि तांडेल (त्याचा दुय्यम) हे त्यातले माननीय. आणि या बोलीत स्टारबोर्डला म्हणत जमणा आणि डाव्या बाजूला दावा. गुजरातीत जमणा म्हणजे उजवा, आणि जमवुं म्हणजे जेवणं. हे वाचलं त्या रात्री मी एकटाच हसलो. माझ्या आजीनं कधी समुद्र पाहिला नाही, पण तिला जहाजावर उभं केलं असतं तर चक्र धरणारा बरोबर वळला असता.

काटोलकडे माझ्या मामाचं शेत. संत्र्याची बाग आणि थोडी कोरडवाहू. मामा आता ऐंशीला टेकला आहे, बैल विकून दहा-बारा वर्षं झाली. त्याला मी बोटीच्या गोष्टी सांगतो, तो तंबाखू मळत ऐकतो, आणि बहुतेक वेळा माझ्यापेक्षा जास्त त्याला समजतं. अडलेल्या जहाजाचा एक शेवटचा उपाय असतो, तो मी त्याला सांगत होतो. किनारा जवळ, वारा किनाऱ्याकडे ढकलतो आहे, पाठ करून वळायला जागा नाही आणि तोंड करून वळताना नाळ पलीकडे जाईल याचा भरवसा नाही. अशा वेळी नाळ वाऱ्याकडे आणायची आणि किनाऱ्याच्या बाजूचा नांगर पाण्यात सोडायचा. नांगर तळाला धरतो, दोराला हिसका बसतो, त्या हिसक्यानं नाळ गर्रकन फिरते. फिरली की त्याच क्षणी दोर कापून टाकायचा. नांगर गेला, जहाज वाचलं. १८१२ च्या डिसेंबरात फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ मॅग्निफिसंट नावाचं ७४ तोफांचं युद्धनौकेचं धूड हेज नावाच्या कप्तानानं वादळात असंच वळवून बाहेर काढलं. पुढे त्या कप्तानाला लोक जहाजाच्याच नावानं ओळखू लागले.

मामानं तंबाखू तोंडात टाकला, थोडा वेळ थांबला.

"म्हंजे आमी नांगर उचलून वळतो, अन् थे नांगर टाकून वळते," तो म्हणाला.

मी गप्पच झालो. इतकी वर्षं मी दोन्ही नांगरांसोबत वाढलो आणि हे दोन्ही एकाच शब्दात बसलेले आहेत हे माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं. शेतातला नांगर संस्कृतातल्या लांगलाचा, पाण्यातला फारसी लंगराच्या गोतातला. कुठून कुठून आले आणि मराठीत येऊन एकाच दावणीला उभे राहिले. शेतातला जमीन फाडत पुढे जायला, पाण्यातला जमीन धरून थांबायला. कोकणातला माणूस गलबत नांगरतो, काटोलचा माणूस वावर. आणि हाकारणं? जुन्या मराठीत शीड हाकारतात, गलबत हाकारतात. मामा बैल हाकायचा. समुद्र न पाहिलेल्या आम्हा लोकांकडे निम्मे शब्द आधीच होते, फक्त ते वावरात पडून होते.

मी त्याला विचारलं, बैल वळवताना तू काय म्हणायचा?

"म्हनाचं काय? सांगा लागते." मग त्यानं बसल्या जागी करून दाखवलं. धुरा (वावराची कड) यायच्या चार पावलं आधी जिभेनं टाळ्याला एक आवाज. त्या आवाजानं बैलांचे कान मागे वळतात. कान वळले की त्यांना समजलं. मग नांगर उचलायचा, कासरा एका अंगानं आवळायचा, आतला बैल जागेवर पाय टाकतो आणि बाहेरचा लांब टांगा टाकत येतो. आवाज न देता नुसता कासरा ओढला तर? "तर आतला बसते बाहेरच्याच्या पायात. जू मोडते, नाही तर बैल लंगडा होते. बैलाले पयले सांगा लागते बाप्पा, मंग वळते थो."

बैलाचे कान म्हणजे "रेडी". उस्तादांना हे ऐकायला मिळालं असतं तर त्यांनी मामाला बोटीवरच घेतलं असतं.

मराठ्यांच्या आरमाराबद्दल आपल्याकडे जे बोललं जातं त्यात तलवारी फार आणि दोर कमी असतात. मला त्यांचं वळणं जास्त आवडतं. गुराब आणि गलबत ही जोडी. गुराब दोन किंवा तीन डोलकाठ्यांची, तोफा वाहणारी, उथळ बुडाची. गलबत त्याहून लहान, चाळीस-पन्नास वल्ह्यांचं. अरबी समुद्रातली तिरक्या परबाणाची तिकोनी शिडं वाऱ्याजवळ छान चालत, पण वळताना पंचाईत. ते लांबलचक परबाण डोलकाठीच्या पुढून उभं करून पलीकडे न्यावं लागे, त्यामुळे ती तारवं सहसा वाऱ्याला पाठ देऊनच वळत. मग तोंड करून वळणाऱ्या इंग्रजी जहाजापुढे टिकाव कसा लागायचा? तर वारा पडायची वाट पाहायची. वारा पडला की ते मोठं जहाज म्हणजे तलावात बसलेली म्हैस. त्याच्या तोफा दोन्ही कुशींना, आणि कूस फिरवायला वारा पाहिजे. इकडे गलबतांनी दोर टाकून गुराब ओढायच्या, वल्ह्यांवर ओढत शत्रूच्या मागच्या अंगाला न्यायच्या आणि तिथून नाळेवरच्या तोफांनी त्याच्या डोलकाठ्या नि दोर तोडत बसायचं. कान्होजी आंग्रे १७२९ मध्ये गेले, तोवर मुंबईच्या इंग्रजांनी याची चव पुष्कळदा घेतली होती. त्याच्या आधी १६७९ मध्ये खांदेरीलाही हीच गोष्ट. इंग्रजांची मोठी जहाजं नाकेबंदी करून उभी, आणि लहान मराठी होड्या उथळ पाण्यातून, रात्रीच्या, वल्ह्यांवर रसद घेऊन बेटावर पोचत राहिल्या. ज्याला वळायला वारा लागत नाही त्याच्याशी लढायचं कसं, हा प्रश्न त्या कप्तानांना पडला असणार.

याला कोणी भित्रेपणा म्हणतात, पळून पळून लढणं म्हणतात. म्हणोत. त्यांनी एकदा वाऱ्याशिवाय बोटीत बसून पाहावं.

बोटीतून उतरून मला आता तीस वर्षं झाली. मध्ये पुण्यात नोकरी, लग्न, एक मुलगी. २०११ मध्ये बाबा आजारी पडले आणि मी नागपूरला परत यायचं ठरवलं. ठरवलं म्हणजे राजीनामा लिहिला, दिला, संध्याकाळी घरी येऊन सांगितलं. बायको डाळीला फोडणी देत होती. तिनं गॅस बंद केला. ती नागपूरचीच, तिचं माहेर महाल वस्तीत, तिला यायला आनंदच होता. तरी त्या रात्री ती एवढंच म्हणाली, "सांगितलं तू मला. विचारलं नाही." मला प्रशांतचा दात आठवला. तिला तो किस्सा तेव्हा सांगितला नाही. ती वेळ नव्हती. सामान बांधताना एके दिवशी सांगितला. ती हसली, पण जेवढी हसायला हवी होती तेवढी नाही.

२३ सप्टेंबर २०२३ ची पहाट नागपूरकर विसरणार नाहीत. काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, अंबाझरी ओसंडला, नाग नदी पात्र सोडून वस्त्यांत शिरली. झोपलेल्या लोकांच्या गाद्या खालून ओल्या झाल्या तेव्हा त्यांना कळलं. प्रशांतचं घर तलावाच्या खालच्या अंगाला, तळमजल्यावर. आई, तो आणि बायको गच्चीच्या जिन्यावर जाऊन बसले. उजाडल्यावर बचाव पथकाच्या रबरी बोटी गल्ल्यांतून आल्या. मुंबईपासून ८३७ किलोमीटरवर, भर वस्तीत, बोट. ज्या तलावावर आम्ही वळायला शिकलो तो तलावच गल्लीत आला होता.

दुसऱ्या दिवशी मी गेलो. भिंतीवर छातीच्या उंचीला चिखलाची रेघ होती, पट्टीनं आखल्यासारखी सरळ. फ्रिज स्वयंपाकघरात तोंडावर पडलेला. देवघरातल्या समईत गाळ भरला होता, आणि काकू खुर्चीवर बसून चमच्यानं तो काढत होत्या. प्रशांत वायपरनं चिखल ओढता ओढता सांगत होता. गल्लीच्या कोपऱ्यावर केबलच्या तारा लोंबत होत्या. एरवी त्या ट्रकलाही लागत नाहीत, पण बोट पाण्यावर, आणि त्यात एक तार तुटून अर्ध्यावर आलेली. वळायच्या आधी जवानानं बोट थांबवली, वल्हं भिंतीला टेकवलं आणि मागे वळून म्हणाला, "मोड़ है, तार है. सर नीचे. रेडी?"

"अन् मी काय करतो?" प्रशांत म्हणाला. "तो बोलायच्या आदीच मुंडी खाली घालून बसलो बे. तीस वर्षं झाली तरी मानेले याद आहे."

"आणि काकू?"

"आईनं मोठ्यानं 'रेडी' म्हटलं. बोटीत सगळ्यात आदी. तिले वाटलं, तिलेच विचारून राहिला तो."

काकूंनी समईतून मान वर केली नाही. "मंग मलेच विचारत होता," त्या म्हणाल्या.

आम्ही फ्रिजकडे वळलो. आत किती पाणी होतं कोण जाणे. मी वरचं टोक धरलं, त्यानं खालचं.

"रेडी?" मी म्हटलं.

"थांब न बे," तो म्हणाला आणि चिखलात एका पायाची चप्पल शोधायला लागला.